नवी मुंबई का, की, को

वाशी डेपोतून बस सुटली तेव्हा आम्हाला पोचवायला निम्मी बिल्डिंग आली होती. आम्ही म्हणजे मी आणि माझी आई. निघालो होतो नेपाळला. पण निरोपाचा थाट असा, की जणू मी दोन देशांमधल्या करारावर सही करायलाच चाललोय. याला जबाबदार मीच. फोर्टमधल्या एका क्लिअरिंग एजंटाकडे मी कारकून होतो. बोटीनं आलेली रसायनांची पिंपं कस्टममधून सोडवायची हे आमच्या कचेरीचं काम, आणि त्या कामाच्या कागदांना टाचण्या लावायच्या हे माझं. पण ठाण्याची खाडी ओलांडून मी वाशीला येईपर्यंत रोज त्या टाचणीची तलवार व्हायची. 'कस्टमचं काही असलं तर जाधवांना विचारा' असं आमच्या सेक्टरमध्ये लोक म्हणत, आणि ते ऐकून मी नम्रपणे खाली बघत असे.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. आमच्या सेक्टरमधल्या बौद्ध कुटुंबांचं एक छोटं मंडळ होतं. कुणी कोकणातलं, कुणी मराठवाड्यातलं. कुणी कंपनीत, कुणी बँकेत. पत्र्याचं एक विहार उभं राहिलं होतं, पण आत मूर्ती नव्हती, नुसता फोटो होता. मूर्ती आणायची तर भगवान जन्मले त्याच देशातली, ही माझ्या बाबांची कल्पना. बाबांनी सगळी हयात गोदीत ओझी उचलली होती. वर्गणीचा डबा घेऊन तेच जिने चढले-उतरले, आणि मूर्ती यायच्या आधीच ते गेले. तेव्हापासून आईनं एकच धोशा लावला होता: येत्या वैशाखी पौर्णिमेला मूर्ती विहारात बसलीच पाहिजे.

मूर्तीच्या बैठकीवर नाव कुणाचं घालायचं, यावरून मंडळाच्या सभेत चपला निघायच्याच काय त्या बाकी होत्या. साहजिक आहे. नाव घातल्याशिवाय आपल्याकडे चमचासुद्धा दुकानाबाहेर पडत नाही. प्रत्येकाला आपल्या आजोबांचं नाव हवं होतं. शेवटी आईनं बाबांचा शब्द सांगितला. आजारपणात ते म्हणाले होते, "नाव कुणाचंच नको. पत्ता टाका." निघू घातलेल्या चपला पायांतच राहिल्या. मंडळाचे अध्यक्ष गायकवाड गुरुजी मराठी शाळेत शिकवायचे. त्यांनी वळणदार अक्षरात मजकूर लिहून माझ्या हातात दिला: 'बौद्ध रहिवासी मंडळ, नवी मुंबई'. "ऱ्हस्वदीर्घ सांभाळा बरं," असंही बजावलं.

बस सुटता सुटता तळमजल्यावरच्या देशपांडेकाकू खिडकीशी आल्या. "येताना मला एक बटणाची फॉरेन छत्री आणा हं! तुम्ही काय, कस्टमवाले." या काकू स्वभावानं चांगल्या; पण आम्ही राहायला आलो त्या पहिल्याच दिवशी त्यांनी आईला विचारलं होतं, "जाधव का? म्हणजे मूळचे कुठले तुम्ही?" आईनं गावाचं नाव सांगितलं. "हो का! गावात कुठे घर?" हा पुढचा प्रश्न आला, तसं आईला एकदम गॅसवरचं दूध आठवलं आणि ती आत गेली. नव्या शहरात सगळेच बाहेरून आलेले, त्यामुळे हा प्रश्न ज्याच्या त्याच्या तोंडी. त्या काळात आमच्या घरी दूध फार उतू जायचं.

गोरखपूरच्या गाडीत मला श्रोते मिळाले. समोरच्या बाकावर भिवंडीच्या लूमवर काम करणारे, गावाकडे निघालेले एक चाचा होते. त्यांनी काही विचारलं नव्हतं, तरी मी त्यांना भारत आणि नेपाळ यांच्यातला व्यापारी करार समजावून सांगितला. नेपाळात घडलेला माल आपल्याकडे जकातीशिवाय येतो. पण कुणी तिसऱ्याच देशाचा माल नेपाळमार्गे आणू लागला, तर त्याला अडवतात. "म्हणजे सगळा खेळ एकाच गोष्टीचा," मी बोट वर करून म्हणालो, "मालाचं मूळ कुठलं?"

आई डब्यातली चटणी-भाकरी सोडत होती. ती म्हणाली, "मालाला पन इचारतात व्हय, मूळचा कुठला म्हनून?"

"विचारतात ना. पहिलं तेच विचारतात."

"मंग तो काय सांगतो?"

"तो काय सांगणार? त्याच्याबरोबर दाखला असतो."

"बरा हाय," आई म्हणाली. "मानसापरीस बरा हाय."

चाचांनी भाकरीचा तुकडा घेतला आणि मला एकच सल्ला दिला. "बाबूजी, करार-वरार छोड़िए. नाके पर चेहरा सीधा रखिएगा, बस." मला त्या अडाणीपणाची गंमत वाटली. माझा चेहरा उभ्या जन्मात कधी सरळ राहिलेला नाही, ही गोष्ट मी विसरलो होतो.

गोरखपूरहून छोट्या रुळांची गाडी नौतनव्याला जाते आणि तिथून सायकलरिक्षा सुनौलीला. एप्रिलचा वारा तव्यावरून आल्यासारखा लागत होता. सरहद्द म्हणजे डोंगर, दरी, निदान एखादी नदी तरी असेल, अशी माझी समजूत. निघाला एक रस्त्यावर आडवा टाकलेला अडसर. त्याच्या अलीकडे चहाची टपरी, पलीकडेही चहाची टपरी, आणि एक बकरी दोन्ही देशांत मनसोक्त चरत होती. पलीकडच्या कचेरीवर 'भन्सार कार्यालय' अशी पाटी होती.

"परदेशात पहिला दुकान भंगारवाल्याचा?" आई म्हणाली.

मी हसलो आणि तिला सुधारलं, "भंगार नाही गं, भन्सार. भांड्याकुंड्यांचं मोठं दुकान असणार." तेवढ्यात आतून गणवेशातला माणूस बाहेर आला. भन्सार म्हणजे कस्टम (जकातीची कचेरी). सेक्टरमधल्या एकमेव कस्टमतज्ज्ञाला परदेशातलं कस्टम ओळखू आलं नव्हतं. आईनं पदर तोंडाला लावला.

भैरहव्याहून आम्ही आधी लुंबिनीला गेलो. बस आम्हाला शेतांच्या मध्येच सोडून गेली. फार कुणी नव्हतं. अशोकाचा दगडी खांब, एक तळं, एक जुनं झाड आणि वारा. मी मुंबईहून पाठ करून आणलेली माहिती सांगायला लागलो, तर आईनं हातानंच गप्प केलं. तळ्याच्या काठावर बसून तिनं पायांना पाणी लावलं. बराच वेळ बसली. मग म्हणाली, "हितं कोन बोलत नाय, बाजूला हो म्हनून." तिला रडू येत होतं आणि मलाही आलं. मी मात्र डोळ्यांत धूळ गेल्याचं जाहीर केलं.

काठमांडूच्या बसमध्ये घाट सुरू झाला आणि माझं जे काही होतं नव्हतं ते सगळं खिडकीबाहेर गेलं. शेजारची नेपाळी बाई आपली कोंबडी मांडीवर घेऊन माझ्याकडे दयेनं बघत होती. आईला काहीच झालं नाही. वाटेत बस थांबली तिथं तिनं दाल-भात आणि गुन्द्रुक (आंबवून वाळवलेल्या पाल्याची भाजी) भरपेट खाल्लं आणि म्हणाली, "आपल्या तेऱ्याच्या फतफत्यासारखा लागतो. तू पन घे." रानअळूच्या नुसत्या नावानं मी पुन्हा खिडकीकडे वळलो.

काठमांडूशेजारच्या पाटण गावात गल्लीगल्लीतून ठोकण्याचा आवाज येतो. तांब्या-पितळेच्या मूर्ती घडवणारी घरं तिथं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. आम्हाला जे दुकान भावलं, त्याचे मालक पन्नाशीचे होते. मांडी घालून ते मूर्तीच्या पापण्या कोरत होते. "बस्नुस् आमा (बसा आई)," ते म्हणाले. आईला 'आमा' हा शब्द फारच आवडला. आडनाव विचारलं तर म्हणाले, "शाक्य."

आई ताडकन उभी राहिली. "शाक्य? म्हंजे भगवानांच्या भावकीतलं?"

मी हे हिंदीत कसं सांगावं या विचारात, तर आईनं आपल्या बाजारहाटाच्या हिंदीत थेट विचारलं, "तुम भगवान का भाऊबंद?" शाक्य हसले. म्हणाले, तसं म्हणतात खरं. आईनं त्यांना वाकून नमस्कार केला. ते गडबडून उठले आणि त्यांनी आईला उलटा नमस्कार केला. दोघं बराच वेळ असे वाकत होते, आणि मूर्तीची किंमत घासाघीस करून खाली आणण्याचा माझा बेत त्यात कुठल्या कुठे वाहून गेला. भावकीशी कसली घासाघीस!

मूर्ती सुरेख होती. हातभर उंच, डोळे अर्धे मिटलेले. बैठकीवर गुरुजींचा मजकूर कोरून मागितला, तेव्हा शाक्यांनी विचारलं, "घराण्याचं नाव नको? पत्ता कशाला?" मी आमच्याकडची भांड्यांवर नाव घालायची पद्धत समजावली, आणि नावावरून झालेली सभाही. ते मान हलवून हसले. भांडणं त्यांच्याकडेही तीच होती. त्यांनी अक्षरं अशी कोरली, की गुरुजींनी छडी खाली ठेवली असती. मूर्ती नेपाळातच घडवल्याचा दाखला मिळाला, आणि ती पुरातन नसल्याचा शिक्काही. "भगवान नवं हायत, ह्याचा पन कागुद?" आई म्हणाली.

येताना बाजारातून मी देशपांडेकाकूंची छत्री घेतली. जपानी. बटण दाबलं की फटकन उघडायची. म्हणजे तिसऱ्या देशाचा माल! ज्या करारावर मी चाचांना व्याख्यान दिलं होतं, त्याचाच भंग आता माझ्या हातात होता. परतीच्या बसमध्ये मला घाटापेक्षा त्या छत्रीनं जास्त मळमळलं. मूर्ती वाकळीत गुंडाळून आईच्या मांडीवर होती, ती निश्चिंत होती. मी छत्री आधी सदऱ्यात लपवली, मग पायजम्यात, आणि शेवटी आईला दिली. "काठीसारखी टेकत चल," मी कुजबुजलो.

"उनाची छत्री मिटून काठी कशाला करू?" ती म्हणाली, पण टेकत चालली.

सुनौलीच्या आपल्या बाजूच्या कचेरीत पंख्याखाली एक अधिकारी बसले होते. पूर्वेकडचे, गोरेपान, गळ्यात टॉवेल, बोलणं अगदी शुद्ध. पांडेजी म्हणत त्यांना. टेबलावर मूर्ती ठेवली, दाखले ठेवले. आई शेजारी छत्री टेकून उभी. मला मूर्ती दिसतच नव्हती, टेबल दिसत नव्हतं, दिसत होती ती फक्त छत्री.

पांडेजींनी मान वर केली आणि विचारलं, "माल कहाँ का है?"

त्यांची नजर नेमकी त्या क्षणी आईच्या हाताकडे गेली, असं मला वाटलं. छत्री जपानची नाही, आमचीच आहे, घरूनच आणली आहे, हे पटवून देण्यासाठी मी ओरडलोच, "हमारा! हमारा है साब! नवी मुंबई का!"

"नवी मुंबई का?" ते मूर्तीकडे बघत होते.

"एकदम! पहिल्यापासून नवी मुंबई का!"

चेहरा सरळ ठेवा, असं चाचा म्हणाले होते. माझा चेहरा तेव्हा कसा होता, हे मला पांडेजींच्या चेहऱ्यावरून कळलं. त्यांनी चष्मा लावला आणि बैठकीवरची अक्षरं सावकाश वाचली. 'बौद्ध रहिवासी मंडळ, नवी मुंबई.' मग दाखला वाचला. मग पुन्हा मला.

"प्रमाणपत्र कहता है नेपाल. मूर्ति पर लिखा है नवी मुंबई. और आप खुद कह रहे हैं पहले से नवी मुंबई की है. मैं किसकी मानूँ? नेपाल की बनी होती तो करार में छूट थी. हिन्दुस्तान की है, तो उस पार कब गई, किस कागज़ पर गई?"

आता मला समजलं की प्रश्न छत्रीबद्दल नव्हताच. पण बाण सुटला होता. मी म्हणालो, "साब, वो 'का' का मतलब वैसा नहीं था."

"पहली बात, मूर्ति 'का' नहीं होती, 'की' होती है."

"अच्छा, की. नवी मुंबई की."

"यानी वहीं की बनी."

"नहीं नहीं, का!"

पांडेजींनी टॉवेलनं कपाळ पुसलं. "और ये नवी मुंबई है कहाँ? मुंबई सुना है. नौवीं मुंबई? बाक़ी आठ कहाँ हैं?"

"नौवीं नहीं साब, नई. खाडी के उस पार. अभी बन रहा है."

"जो शहर अभी बना ही नहीं, उसकी बनी हुई मूर्ति आप नेपाल से ला रहे हैं." त्यांनी पेन खाली ठेवलं. ते रागावले नव्हते, खरंच गोंधळले होते, आणि तो गोंधळ मी हौसेनं तयार केला होता. प्रकरण वरच्या कचेरीकडे पाठवावं लागेल, तोवर मूर्ती इथल्या कोठारात राहील, ते म्हणाले. किती दिवस? त्यांनी हात वर केले. पौर्णिमा तोंडावर आली होती. मग माझा पडलेला चेहरा बघून त्यांनाच दया आली. "एक रास्ता है. पत्थर या रेती से ये 'नवी मुंबई' घिसवा दीजिए. प्रमाणपत्र और माल मेल खा जाएँगे. मैं छोड़ दूँगा."

मला हायसं वाटलं. कानस कुठं मिळेल, हे मी चपराश्याला विचारूसुद्धा लागलो. आई मात्र मूर्तीला हात लावून तिथंच बाकड्यावर बसली.

"घासायचा नाय."

"आई, दोन शब्द तर आहेत. नाहीतर मूर्ती इथंच राहील. पौर्णिमा जाईल."

"सुदा, गावाला पत्र आला तर पत्त्यात काय लिवलेला असायचा? गावाचा नाव आनि फुडं आपली वाडी. पोस्टमन वाडीत येत नव्हता, वेशीवरच्या दगडावर पत्र ठेवायचा. पत्ता वाचला की समद्यांना कळायचा आमी कोन ते." ती माझ्याकडे बघत नव्हती, मूर्तीकडे बघत होती. "तिकडं नव्या गावात पयल्यांदा आपला पत्ता देशपांडेबाईच्या पत्त्यावानी झाला. तुजे बाबा उगाच बोलले काय, नाव नको, पत्ता टाका? तोच घासून नेऊ? मंग वाडी सोडून आलो कशाला?"

मला बाबांचा शब्द इतके दिवस नुसता काटकसरीचा वाटला होता. मला लाज वाटली, आणि कानशीबद्दल विचारणं मी सोडून दिलं. पांडेजींना मराठी कळत नव्हतं, पण बाई रडत नाही आणि उठतही नाही, एवढं कळत होतं.

"माताजी," ते हळूच म्हणाले, "मूर्ति नवी मुंबई की नहीं है न?"

"की नाय," आई म्हणाली. "उधर जाता है."

"वहाँ जा रही है. तो 'के लिए' कहिए न! आपका लड़का का-की में सुबह से उलझा हुआ है." ते हसले. "पर मैं कहा हुआ नहीं, लिखा हुआ देखता हूँ."

"तो लिखके लाती," आई उठली. "घासायचा नाय, पन वाडवायला काय जातं!"

आम्ही मूर्ती घेऊन पुन्हा अडसर ओलांडून परदेशात गेलो. बकरी अजून तिथंच होती. भैरहव्याच्या बाजारात भांड्यांच्या एका दुकानाबाहेर ठोके देऊन नावं घालणारा म्हातारा बसला होता. मी त्याला ऐटीत समजावलं, 'नवी मुंबई' याच्या पुढे 'साठी' अशा अर्थाचं घाला, 'के लिए'. त्यानं मान हलवली, मूर्ती गुडघ्यांत धरली आणि छिन्नी चालू केली. मी उन्हाला कंटाळून आईकडची छत्री उघडली. ती फटकन उघडली ती थेट म्हाताऱ्याच्या तोंडासमोर, आणि तो दचकून थांबला. मी वाकून बघितलं. 'नवी मुंबई'च्या पुढे त्यानं सुबक अक्षर कोरलं होतं: 'को'.

"ये क्या किया? 'को' कशाला?"

"को लागि," म्हातारा म्हणाला. नेपाळीत 'साठी'ला 'को लागि' म्हणतात. तो आपल्या भाषेत लिहीत होता, त्याचं काही चुकलं नव्हतं. पण दुकानाच्या मालकाला मी विचारलं, की नुसत्या 'को'चा नेपाळीत अर्थ काय? तो म्हणाला, "नवी मुंबईको? नवी मुंबई का. वहीं का."

मी कपाळावर हात मारला. गोरखपूरच्या गाडीपासून पाजळलेली माझी सगळी अक्कल फिरून 'का'वरच येऊन थांबली होती, आणि या वेळी पितळेत. पुढे 'लागि' घालायला बैठकीवर जागाही उरली नव्हती. "चल," आई म्हणाली. "दावू तर खरा."

पांडेजींसमोर मूर्ती ठेवताना मी भिंतीकडे बघत उभा राहिलो. तोंड उघडायचं नाही, अशी आईनं तंबी दिली होती. त्यांनी चष्मा लावला.

"बौद्ध रहिवासी मंडळ... नवी मुंबई... को." ते थांबले. "नवी मुंबई को. हाँ. अर्थात नवी मुंबई को भेजी गई. अब ठीक है. 'के लिए' और अच्छा होता, पर चलेगा."

त्यांनी शिक्का मारला. हिंदीत 'को' म्हणजे 'ला', हे त्या सगळ्या गोंधळात माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. एका अडसराच्या त्या बाजूला मूर्ती नवी मुंबईची, या बाजूला नवी मुंबईला. आणि दोन्ही देशांचं समाधान. मी आनंदानं काहीतरी बोलणार होतो, पण आईनं छत्रीनं माझ्या पायावर टोचलं. पांडेजींनी जाता जाता मूर्तीला हात जोडले. मग छत्रीकडे बघून म्हणाले, "माताजी, धूप है, खोल लीजिए न. इतनी अच्छी छतरी है." असल्या एखाद्या वस्तूची प्रवाशाला मोकळीक असते, हे मला पुढे कचेरीत कळलं. पिंपांना ती नसल्यामुळे तोवर माझा संबंध आला नव्हता.

पौर्णिमेला मूर्ती विहारात बसली. खीर वाटली. देशपांडेकाकू नवी छत्री घेऊन आल्या, पुढच्या रांगेत बसल्या आणि दोनदा खीर मागून घेतली. गायकवाड गुरुजी मात्र बैठकीपाशी वाकले ते वाकलेलेच राहिले. "को? जाधव, हे 'को' काय आहे? ही मराठी आहे का?" त्यांना ते घासून काढायचं होतं. आई म्हणाली, "हात लावायचा नाय. दोन सरकारांनी वाचून सोडलेला हाय." गुरुजींनी पुढे अनेक वर्षं त्या अक्षरापुढे फुलं ठेवली, ते झाकलं जाईल अशा बेतानं.

कस्टमतज्ज्ञ म्हणून माझी कीर्ती संपली. आईनंच संपवली, येईल त्याला ती 'का'ची गोष्ट सांगायची, माझ्या आवाजासकट. त्या दशकाच्या शेवटी दोन्ही देशांचं करारावरून बिनसलं आणि बरीचशी नाकी बंद झाल्याची बातमी आली. मी पेपर वाचून दाखवला. आईनं तांदळाचं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "पांडेजी बसून काय करत आसंल रं?"

त्याच सुमाराला आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये एक नवं कुटुंब आलं. त्या घरच्या बाई ओळख करून घ्यायला आल्या. चहा ठेवला होता, बाजूच्या शेगडीवर दूध होतं. बोलता बोलता त्यांनी विचारलं, "जाधव म्हणजे मूळचे कुठले तुम्ही?"

मी सवयीनं गॅसकडे बघितलं. आई उठली नाही. तिनं साडीचा पदर नीट केला आणि त्या बाईंच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "आमी? आमी नवी मुंबई को."

"को? म्हणजे?"

"बसा की. सांगते," आई म्हणाली, आणि वाशी डेपोपासून सुरुवात केली. मग वाडी आली, वेशीवरचा दगड आला, बाबांचा वर्गणीचा डबा आला, सगळं आलं, काही गाळलं नाही. त्या दिवशी दूध खरोखरच उतू गेलं. गॅस बंद करायला कुणी उठलंच नाही.